सहाव्या मजल्यावरचा बिल्ला

८ जानेवारी

आत्या,

बसली आहेस ना? आधी बस. चष्मा लाव. मिळाली! जागा मिळाली!

सहावा मजला, म्हणजे सगळ्यात वरचा, म्हणजे पेंटहाऊस. तुझ्या ढब्बूला पेंटहाऊस! अख्खा मजला एकच खोली, छत इतकं उंच की शिंकलो तर दोनदा ऐकू येतं. भिंतीच्या विटा उघड्याच ठेवल्यात, छताला जुने पाईप तसेच. रंग मुद्दाम उडालेला ठेवलाय. हल्ली त्यालाच स्टाईल म्हणतात, हसू नकोस. आणि काचा! जमिनीपासून छतापर्यंत काचा. खाली बघितलं की एक कॉफीचं दुकान, एक फक्त कुंड्या विकणारं दुकान, आणि एक केस कापणारा, ज्याच्याकडे तीन आठवड्यांचं वेटिंग आहे. सगळं शहर आता इथेच राहायला बघतंय.

आता कुठली बिल्डिंग ते ओळख. ओळख ना! तुझा मोज्यांचा कारखाना! जिथे तू बावीस वर्षं मोजे प्रेस केलेस, त्याच खात्यात मी सोफा टाकणार आहे. अंगावर काटा आला की नाही?

मालकांची एक स्कीम होती. वरचा मजला जुन्या कामगाराच्या घरच्यांना द्यायचा, सवलतीत. अट एकच, की कामगाराने स्वतः तिथे राहायला हवं. त्यांना पेपरात छापायला बरं पडतं, 'इमारतीची माणसं इमारतीत परत' वगैरे. चारशे अर्ज आले होते. मी तुझा पत्र्याचा बिल्ला नेऊन टेबलावर ठेवला, ४१७ नंबर, आणि मॅनेजर बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. बाकीचे तीनशे नव्व्याण्णव तिथेच आउट.

आणि सगळ्यात भारी गोष्ट. लिफ्ट. थेट आपल्या घरात उघडते. दार सरकलं की समोर सोफा! तुला वृद्धाश्रमात सोडताना मी म्हणालो होतो ना, लिफ्टचं घर मिळेपर्यंतच? दोन महिने म्हणालो होतो, चौदा झाले, मान्य. पण लिफ्ट बघ कसली मिळवली! रंगाचा वास गेला की तुला न्यायला येतो.

तोपर्यंत कारखान्याच्या गोष्टी लिहून पाठव. खूप. मॅनेजर बाईंना हव्यात, मलाही. तुझ्या कानातलं मशीन फोनवर शिट्ट्या मारतं म्हणून पत्र, पण खरं सांगू, मला पत्र लिहायला जाम मजा येतेय. खास शाईचं पेन घेतलंय.

तुझा ढब्बू


१४ जानेवारी

ढब्बू,

तुझं पत्र तीनदा वाचून झालं. एकदा मी, एकदा सिस्टरने मोठ्याने, आणि एकदा शेजारच्या कॉटवरच्या रेडिओ आजींनी, न विचारता. त्या दिवसभर बोलतात म्हणून हे नाव. त्यांचं म्हणणं, "भाचे सगळेच न्यायला येतो म्हणतात." मी म्हटलं, तुमचे म्हणत असतील, माझा येतो.

तू ज्याला लिफ्ट म्हणतोस ना, तिच्यावर आमच्या वेळी पाटी होती: 'फक्त मालासाठी. माणसांनी चढू नये.' मोज्यांच्या पेट्या लिफ्टने जायच्या आणि आम्ही जिन्याने. एकशे बारा पायऱ्या. सकाळी, मधल्या सुट्टीत, आणि संध्याकाळी. माझे गुडघे कुठे गेले असं डॉक्टर विचारतात, त्यांना म्हणावं त्या जिन्यावर शोधा. बावीस वर्षांत त्या लिफ्टमध्ये मी एकदाही पाय ठेवला नाही. आता थेट सोफ्यासमोर उतरणार म्हणतोस. बरं तर. जिवंतपणी एवढं बघायचं राहिलंच होतं.

तुझा हॉल म्हणजे आमचं प्रेस खातं. दोन ओळींत पत्र्याचे पाय उभे असायचे, गुडघ्यापर्यंतचे, आत वाफ सोडलेली. त्या तापलेल्या पायांवर ओला मोजा चढवायचा आणि वाळला की ओढून काढायचा. चढवताना हात भाजायचा, काढतानाही भाजायचा. दिवसाला साडेसहाशे जोड. दिवसभर उभ्याने. कोपऱ्यात, पूर्वेच्या खिडकीशी, एकच खुर्ची होती, मोज्यांच्या जोड्या लावणारीची. त्या खुर्चीवरून बायकांची भांडणं व्हायची, झिंज्या उपटण्यापर्यंत. माझा पलंग त्या कोपऱ्यात टाक. बावीस वर्षं मला ती जागा हवी होती.

गोष्ट हवी तर बिल्ल्याची ऐक. खाली दाराशी फळा होता, त्यावर खिळे, खिळ्याला बिल्ले. एक बाजू पांढरी, एक लाल. सकाळी आत शिरताना पांढरी बाजू पुढे करायची, म्हणजे बाई आत आहे. घरी जाताना लाल करायची. सगळा फळा लाल झाला की वॉचमन कुलूप लावून मोकळा. वर बघायला जायचा नाही. सहा मजले चढणार कोण? एकदा एका पोरीचा बिल्ला कुणीतरी गंमत म्हणून लाल केला. ती वर कपाटामागे धागे झाडत होती. शनिवारी संध्याकाळी अडकली ती सोमवारी सकाळी सापडली. कारखाना भर वस्तीत नव्हता तेव्हा, ओरडली तरी कोण ऐकणार. सोमवारी आम्ही सगळ्या खूप हसलो. तेव्हा हसू यायचं अशा गोष्टींचं.

मी पिशवी भरून ठेवली आहे. सिस्टरला सांगितलंय, मार्चपासून माझा चहा धरू नका.

आत्या


२ फेब्रुवारी

आत्या, यू आर अ स्टार!

ती लॉकवाली गोष्ट! बापरे! मी इथे मित्रांना वाचून दाखवली, एकदम टाळ्या. एक जण म्हणाला, या गोष्टीवर सिरीज निघेल. माझी मैत्रीण तर रडलीच. (हो, मैत्रीण आता इथेच राहते. तुला सांगणारच होतो. खूप गोड आहे, घरं सजवण्याचं काम करते, तुला आवडेल.)

तिने एक पत्र्याचा पाय शोधून काढला, तळघरात पडला होता! त्याच्यात बल्ब सोडून दिवा केलाय. सोफ्याच्या बाजूला उभा असतो. येणारा प्रत्येक माणूस आधी त्याच्यासोबत फोटो काढतो.

आता जरा प्रॅक्टिकल बोलू. पूर्वेचा कोपरा सध्या मैत्रिणीच्या टेबलाला दिलाय, कारण लाईट तिथेच चांगला येतो. सध्या म्हणजे सध्याच. दुसरं, या घरात आतली दारं नाहीत. ओपन प्लॅन म्हणतात. बाथरूम वर माळ्यावर आहे आणि जिना गोल, लोखंडी, कठड्याशिवाय. दिसायला कातिल. पण तुझे गुडघे... मी आर्किटेक्टशी बोलतोय. तू काळजी करू नकोस, मी बघतो.

बरं, महत्त्वाचं. मॅनेजर बाईंना ती गोष्ट खालच्या लॉबीत भिंतीवर लावायची आहे, मोठ्या अक्षरांत, फळ्याच्या बाजूला. फळा तसाच नवा करून घेतलाय आणि खरा बिल्ला फक्त तुझा. ती पोरगी कोण होती गं? नाव हवंय त्यांना. आणि बिल्ला कुणी फिरवला? ते कळलं तर गोष्ट अजून भारी होईल.

ढब्बू


९ फेब्रुवारी

ढब्बू,

नाव आठवत नाही. चाळीस बायका होत्या, कुणाकुणाचं आठवणार? कुणी केलं तेही कधी कळलं नाही. ती गोष्ट भिंतीवर लावू नकोस. दुसरी देते. मुकादमीण बाईंच्या चपलेत आम्ही डिंक ओतला होता ती घे. किंवा संपातली घे. ही नको. माझं एवढं ऐक.

जिन्याचं म्हणशील तर मी इथे सराव सुरू केलाय. मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. सकाळी तीन वर, तीन खाली. काल पाच वेळा केल्या. सिस्टर ओरडली, "आजी, कुठे ऑलिम्पिकला जायचंय?" मी म्हटलं, माळ्यावर. रेडिओ आजी म्हणाल्या, "माळ्यावर जुनं सामान ठेवतात." त्यांच्या जिभेला हाड नाही.

दारं नसली तरी चालेल. या वयात कोण बघतंय? इथे तर आठ जणींत एक पडदा आहे. कोपरा तिला दे, मला भिंतीकडेला चालेल. दिव्याशेजारी नको फक्त. तो पाय रोज डोळ्यांसमोर नको.

कधी येतोस ते लिही. नुसतं 'बघतो' लिहू नकोस. तुझा बाप पण बघतो म्हणायचा आणि बघत बसायचा.

आत्या


११ मार्च

आत्या,

सॉरी सॉरी सॉरी. महिना कसा गेला कळलं नाही. काम, पाहुणे, मग लॉबीचं काम.

आता गुड न्यूज. पंचवीस तारखेला लॉबीचं उद्घाटन आहे आणि तू चीफ गेस्ट! गाडी चार वाजता येईल. काही गोष्टी नीट वाच.

तुझा कारखान्याचा निळा एप्रन आहे ना अजून? तो घाल. फोटोत छान दिसेल. नवे कपडे नकोत, प्लीज.

मॅनेजर बाई वर घर बघायला येतील. त्यांचा समज आहे की तू फेब्रुवारीपासून इथेच राहतेस. म्हणजे मी खोटं नाही बोललो, तू येणारच होतीस, फक्त तारीख मागेपुढे झाली. आम्ही तुझा पलंग लावून ठेवतोय, कोपऱ्यातच, तुला हवा तिथेच! त्यांनी विचारलं, "आवडलं का इथे?" तर "हो" म्हण. बाकी मी बोलतो. तुला ऐकू कमी येतं हे त्यांना माहीत आहे, त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायची गरज नाही.

पिशवी आणू नकोस त्या दिवशी. खूप लोक असतील, लिफ्टमध्ये जागा नसेल. सामान आपण नंतर निवांत नेऊ.

गोष्ट लावली भिंतीवर. जास्त विचार करू नकोस, नाव कुणाचंच नाहीये त्यात. दिसतेय काय भारी!

ढब्बू


२९ मार्च

ढब्बू,

पिशवी आणली म्हणून तुझं तोंड एवढंसं झालं होतं. मी बघितलं. म्हाताऱ्या माणसाला ऐकू कमी येतं, दिसत नाही असं नाही.

लिफ्ट मात्र छान आहे. गुळगुळीत. आत आरसा लावलाय, त्यात मी आणि माझा एप्रन आणि माझी पिशवी. सहा मजले चढायला किती वेळ लागला सांगू? एकवीस आकडे मोजले मी. बावीस वर्षं आणि एकवीस आकडे.

पलंग सुरेख लावला होतात. उशीवर दुकानाचं लेबल तसंच होतं, मी पदराखाली झाकलं. तुझी मैत्रीण गोडच आहे, तू म्हणतोस ते खरं. मला म्हणाली, "आजी, इथे बसा, इथे लाईट चांगला आहे." मग माझा फोटो काढला आणि पलंगावरची माझी पिशवी पायाने पलंगाखाली सरकवली. हाताने नाही. मॅनेजर बाईंनी माझा हात हातात घेतला, त्यावरचे भाजल्याचे डाग बघितले, आणि विचारलं, "कशी झोप लागते इथे?" तू माझ्याकडे बघत होतास. शाळेत नापास झाला होतास आणि मी बापापासून प्रगतिपुस्तक लपवलं होतं, तेव्हा असाच बघत होतास. मी म्हटलं, "फार छान. इतकी वर्षं इथे उभी राहिले, आता आडवी होते." सगळे काय हसले! तूही हसलास.

हे खोटं मी तुझ्यासाठी बोलले. आता तू माझ्यासाठी काहीतरी कर, असं म्हणत नाही मी. नुसतं लक्षात ठेव.

खायचं टेबलावर मांडलं आणि तू कानाशी येऊन म्हणालास, "आत्या, गाडी थांबलीय, आश्रमाचं गेट सातला बंद होतं." गेट आठला बंद होतं, ढब्बू. मला माहीत आहे. चौदा महिने... आता सतरा झाले, मी त्याच गेटाच्या आत आहे. पिशवी मी पलंगाखालीच ठेवून आले होते. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर परत देऊन गेला. वर चिठ्ठी सुद्धा नव्हती.

एक विचारायचं आहे. खाली लॉबीत आमची मुकादमीण बाई आली होती. नव्वदीची असेल, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. ती भिंतीवरची गोष्ट वाचत होती. मग तिने तुला बोलावलं आणि बराच वेळ बोलत होती. मला लांबून ऐकू आलं नाही. तिचं काही मनावर घेऊ नकोस. तिचं डोकं फिरलंय, आणि तिला मी कधीच आवडत नव्हते.

पत्राची वाट बघते.

आत्या


१२ एप्रिल

आत्या,

तिचं डोकं अजिबात फिरलेलं नाहीये. तिला चाळीसच्या चाळीस नावं पाठ आहेत.

ती पोरगी माझी आई होती.

मला दीड वर्षाचा घरी ठेवून ती कामावर आली होती. तिला खुर्ची मिळाली म्हणून तू चिडलीस. शनिवारी जाताना तू फळ्यापाशी थांबलीस, आधी तुझा बिल्ला लाल केलास, मग तिचा. मुकादमिणीने बघितलं होतं. तिला वाटलं, वहिनी खाली आली असेल, नणंद भावजय एकत्र निघाल्या असतील. सोमवारी तिला कळलं, पण तिनेही तोंड बंद ठेवलं, कारण कुलूप लावायच्या आधी वर जाऊन बघायचं काम तिचं होतं. पस्तीस वर्षं झाकून ठेवलं दोघींनी. आणि ती लॉबीत, माझ्या मित्रांसमोर, मला सांगते!

लहानपणी मी विचारायचो, आई दार का लावू देत नाही, आई जिन्यात का झोपते, आई का गेली. तू काय सांगायचीस? "तुझी आई सोडून गेली. तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं." मी सातवीत होतो ती वारली तेव्हा. मी रडलो पण नाही, आत्या. मी तुला म्हणालो होतो, बरं झालं, तूच माझी आई. आठवतं?

ती गोष्ट मी लोकांना वाचून दाखवली. टाळ्या घेतल्या.

आता तुला न्यायचा प्रश्न मिटला. आश्रमाचा कायमचा फॉर्म मी सोमवारी सही करून दिला. मला आता अपराधी वाटत नाही, थँक्स.

तुझा बिल्ला मी फ्रेम करून लावलाय, वरती हॉलमध्ये, सोफ्याच्या मागे. लाल बाजूने. मैत्रीण म्हणाली, पांढरा छान दिसेल. मी म्हटलं, नाही. लालच. मागून चिकटवूनच टाकलाय, म्हणजे कुणी फिरवायला नको.

सोबत एक फॉर्म आहे. तीन महिने झाले की मॅनेजर बाईंना लागतो. कामगार तिथेच राहतो असं त्याने स्वतः लिहून सही करायची. खुणा केल्यात तिथे सही कर आणि तीस तारखेच्या आत मला पाठव. माझ्या आईचं जे केलंस ते केलंस. निदान एवढं तरी कर.

यानंतर पत्र पाठवू नकोस.


२० एप्रिल

ढब्बू,

पत्र पाठवू नकोस म्हणालास आणि त्याच पाकिटात सहीसाठी फॉर्म घातलास. तू माझ्याच हाताखाली वाढलास, यात शंका नाही.

मुकादमीण म्हणाली ते सगळं खरं आहे. ती थोडं कमीच म्हणाली, तिला जेवढं दिसलं तेवढंच. उरलेलं मी सांगते.

तिला एक तासभर घाबरवायचं, एवढंच मनात होतं. खुर्चीवर बसून मला म्हणाली होती, "वन्सं, पाय दुखले तर सांगा, थोडा वेळ उठेन." हसून म्हणाली होती. कदाचित खरंच म्हणाली असेल. मला खोचक वाटलं. घरी गेल्यावर वॉचमनला सांगायला परत जायचं होतं. नाही गेले. आधी रागाने नाही गेले, मग अंधार पडला म्हणून नाही, मग भीतीने नाही. तुझा बाप बाहेरगावी होता. माझ्या आईने विचारलं, सून कुठाय? मी म्हटलं, भांडून माहेरी गेली. ते दोन दिवस तू माझ्या मांडीवर होतास. दूध हवं होतं तुला. रडून रडून तुझा घसा बसला. मी तुला थोपटत होते, आणि किल्ली कुणाकडे असते ते मला माहीत होतं.

सोमवारी ती खाली आली तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मीच हसले.

त्यानंतर ती तुला घेऊन सुद्धा बंद खोलीत बसायची नाही. आम्ही तिला वेडी म्हटलं, आणि म्हणत राहिलो, मग ती गेली. तुला मी वाढवलं. लोक म्हणायचे, आत्याने काय केलं पोरासाठी! मी ऐकून घेतलं. गोड लागायचं ऐकायला.

माफी मागत नाही. तुझ्याकडे मागून उपयोग नाही, जिच्याकडे मागायची ती नाही.

पण ढब्बू, एक हिशोब नीट कर. मुकादमीण बोलली पंचवीस मार्चला. मी इथे आहे गेल्याच्या आधीच्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून. रंगाचा वास, पूर्वेचा कोपरा, गोल जिना, लिफ्टमध्ये नसलेली जागा, हे सगळं त्याच्या आधीचं आहे. पायाने सरकवलेली पिशवीसुद्धा आधीची. तेव्हा तुला तुझ्या आईचं काहीच माहीत नव्हतं. कारण तुला आत्ता सापडलं. आधी सापडलं असतं तर बिचाऱ्याला एवढ्या थापा तरी माराव्या लागल्या नसत्या. स्वतःच्या सोयीला आईचं नाव चिकटवू नकोस. ती माझी पापं भोगून गेली, तुझी तरी तिच्या माथी नकोत.

फॉर्म भरला. सिस्टरला हात लावू दिला नाही, सगळा माझ्या अक्षरात भरला. 'कामगार सदर जागेत किती काळ राहत आहे?' असा रकाना होता. लिहिलं: 'पंचवीस मार्च, चार वाजून वीस मिनिटं ते सहा.' 'सध्याचा पत्ता' मध्ये इथला पत्ता. खाली सही, तू खूण केली होतीस तिथेच. तुझ्याकडे पाठवला असता तर वाटेत हरवला असता, म्हणून मॅनेजर बाईंच्या नावाने थेट टाकला, रजिस्टर पोस्टाने. पोचपावती काल आली. गोड बाई आहेत, रडतील परत.

म्हणशील, म्हातारीने सूड घेतला. हो. आणि तुझ्या आईसाठी घेतला असंही म्हणणार नाही, तेवढी मी चांगली नाही. आश्रमाचा कायमचा फॉर्म सिस्टरने मला दाखवला. तुझी सही बघितली, शाईच्या पेनाने केलेली, खाली दोन रेघा. मग मला राहवलं नाही. फळ्यापाशी उभं राहून दुसऱ्याचा बिल्ला फिरवायला काही लागत नाही, एक बोट पुरतं. ते बोट अजून चालतं माझं.

माझा बिल्ला लालच असू दे. बरोबर लावलास. तुझाही आता झाला.

मी सकाळच्या पायऱ्या बंद केल्या. रेडिओ आजींनी विचारलं, "काय, भाच्याचं काय ठरलं?" मी म्हटलं, "जागा सोडतोय तो." तर त्यांनी आपला अर्धा चहा माझ्या कपात ओतला.

सोफा, पलंग, तो दिव्याचा पाय, सगळं उतरवताना जिन्याने ओढत बसू नकोस. लिफ्ट वापर. ती मालासाठीच केलेली आहे.

आत्या